कॉम्प्युटर घ्यायचा, पण केवढा?

कपाट घ्यायचे असले की आपण आधी भिंत मोजतो. कुकर घ्यायचा तर घरातली माणसे मोजतो. शिलाई मशीन घ्यायचे तर नुसते घरचे फॉल-पिको करायचे, की बाहेरची ब्लाउजेसही शिवायची, याचा चार दिवस विचार करतो. पण कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली, की हे मोजमाप आपण दुसऱ्यावर सोपवून मोकळ्या होतो. "ह्यांच्या ऑफिसात एक जाणकार आहेत, ते सांगतील तो घेऊ," किंवा "आमच्या बंडूला कळतं त्यातलं!" मग एके दिवशी घरात एक तर गुडघ्याच्या वर येणारे धूड येते आणि दिवाणखान्याचा कोपरा अडवून बसते, नाही तर तळहाताएवढी डबी येते आणि वर्षभरात "हिच्यात आणखी काही बसत नाही हो," असे ऐकू येते. पैसे मात्र घरखर्चातूनच गेलेले असतात.

मैत्रिणींनो, छोटा घ्यावा की मोठा, हा प्रश्न अवघड नाही. त्यासाठी इंजिनिअर असायला नको. तुमच्यापैकी कित्येकींनी एमएस-सीआयटीचा वर्ग केला असेल, मुलांचे अर्ज भरले असतील, बचत गटाचा हिशेब ठेवला असेल. तेवढी ओळख पुरे आहे. बाकीचे आज आपण स्वयंपाकघरातल्या मापांनीच समजून घेऊ या.

छोटा म्हणजे केवढा, मोठा म्हणजे केवढा?

ज्या खोक्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो, त्याचे खरे नाव कॅबिनेट. त्याच्या पोटात एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. खोके लहान की मोठे, हे या पाटीच्या मापावर ठरते. आणि ही मापे दुकानदाराने ठरवलेली नसून जगभर एकच आहेत.

सर्वांत मोठी, नेहमीची पाटी म्हणजे एटीएक्स. इंटेल कंपनीने हे माप १९९५ साली आणले. साधारण साडेतीस बाय साडेचोवीस सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदाहून थोडी मोठी. तिच्याहून लहान ती मायक्रो-एटीएक्स, १९९७ ची. साडेचोवीस सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद. आपली घडीची मोठी पोळी म्हणा ना. त्याहून लहान ती मिनी-आयटीएक्स. ती २००१ साली व्हिया नावाच्या कंपनीने आणली. सतरा बाय सतरा सेंटीमीटर, म्हणजे फुलक्याएवढी. आणि आजकाल दिसतात त्या मिनी पीसीच्या तयार डब्या असतात, त्यांची पाटी कित्येकदा दहा-बारा सेंटीमीटरचीच असते. पुरीएवढी!

फरक नुसत्या लांबी-रुंदीचा नाही. एटीएक्स पाटीवर जादा कार्डे बसवायला सातपर्यंत खाचा असतात, मायक्रो-एटीएक्सवर चारपर्यंत, मिनी-आयटीएक्सवर एकच. मोठ्या पाट्यांवर रॅमच्या पट्ट्यांना बहुधा चार जागा असतात (स्वस्तातल्या मायक्रो-एटीएक्सवर दोनच), फुलक्यावर दोन, आणि काही डब्यांत तर रॅम पाटीलाच डाग देऊन पक्की केलेली असते; ती पुढे वाढवताच येत नाही. ओट्यालगत आणखी एक शेगडी ठेवायला जागा सोडली आहे की नाही, असाच हा प्रश्न आहे. आज लागत नसेल. पण सोडलीच नसेल, तर उद्या भिंत फोडावी लागते.

"मग लॅपटॉपच का नको?" असे विचाराल. रोज बाहेर न्यायचा असेल तर जरूर लॅपटॉप घ्या. पण घरात एका जागी बसून तीन-चार तास काम करायचे, तर पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीवर हवा. लॅपटॉपमध्ये दोन्ही एकाला एक जोडलेले, त्यामुळे मान खाली जाते. आणि घरातली दोन-तीन माणसे आळीपाळीने बसणार असतील, तर एका जागी राहणारा डेस्कटॉपच बरा.

उष्णता कुठे जाणार?

छोट्या खोक्याची पहिली अडचण हीच. कामे तेवढीच करायची तर उष्णता तेवढीच निर्माण होणार. ती बाहेर जायला वाट मात्र अरुंद. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात दोन्ही शेगड्या पेटवून पुरणपोळ्या करायला बसल्यासारखे.

मोठ्या कॅबिनेटमध्ये बारा सेंटीमीटरचे, कधी चौदाचे पंखे बसतात. ते सावकाश फिरूनही पुष्कळ हवा ओढतात आणि आवाज कमी करतात. छताचा पंखा दोनवर असला तरी खोलीभर वारा येतो, आणि लहान टेबलफॅन त्याच वाऱ्यासाठी घरघरतो, तसे हे आहे. डबीतला पंखा लहान, म्हणून त्याला जोराने फिरावे लागते. साध्या कामात तो ऐकूही येत नाही. पण व्हिडिओ जुळवणे, मोठे खेळ, घरांचे आराखडे अशी जड कामे लावली की गुणगुण सुरू होते. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या घरात पोचला, की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. बिघडलेला नसतो बिचारा, दमलेला असतो. घरात मात्र "नवाकोरा कॉम्प्युटर, तरी संथ चालतो" अशी कुरकुर सुरू होते.

म्हणून आपण राहतो कुठे, याचाही विचार करायला हवा. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असताना, बंद कपाटाच्या कप्प्यात ठेवलेली डबी काय करील? तिथे जड काम असेल तर मोठे, हवेशीर कॅबिनेटच हवे. रत्नागिरी-मालवणकडे गोष्ट वेगळी. तिथे उष्म्यापेक्षा खारट दमट हवेचा त्रास अधिक. छोटा असो की मोठा, पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवावा. आतली ऊब ओल धरू देत नाही.

बिघडला तर उघडणार कोण?

खरेदीच्या दिवशी हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तिसऱ्या वर्षी सगळे तोच विचारतात.

मोठ्या किंवा मधल्या आकाराच्या, सुटे भाग जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरचे सारे भाग ठरावीक मापाचे असतात. वीज पुरवणारा एसएमपीएस जळला, तर तालुक्याच्या गावातला दुकानदारही तासाभरात दुसरा बसवून देतो. पंखा, रॅम, डिस्क यांचेही तसेच. १९९५ च्या त्या मापाची स्क्रूची भोके आजच्या पाट्यांनाही जुळतात, त्यामुळे चांगले कॅबिनेट एकदा घेतले की आतली पाटी बदलून ते पुन्हा वापरता येते. पितळेचे पातेले कल्हई करून पुन्हा वापरावे, तसे. फक्त जुना एसएमपीएस नव्या पाटीला लावण्याची काटकसर करू नका. तो गेला, तर जाताना इतरांनाही घेऊन जाऊ शकतो.

डबीचे तसे नाही. तिची पाटी त्या कंपनीची, त्या नमुन्याची. पाटी गेली तर बहुधा सगळी डबीच बदलावी लागते. रॅम आणि डिस्क बदलता येतात, अॅडाप्टरही मिळतो. पण व्होल्टचा आकडा तोच, अँपिअरचा आकडा तेवढा किंवा अधिक आणि पिन तीच, असा पाहून घ्यावा लागतो. या डब्या लोकप्रिय केल्या त्या इंटेलने 'एनयूसी' या नावाने, साधारण २०१३ पासून. २०२३ मध्ये त्याच कंपनीने त्यातून अंग काढून घेतले आणि पुढचे काम आसुसकडे गेले. एवढ्या मोठ्या कंपनीचे असे, तर कधी न ऐकलेल्या नावाची डबी केवळ स्वस्त म्हणून घेताना, हिची दुरुस्ती आपल्या गावात कोण करील, हे आधी विचारायलाच हवे.

आणखी एक सूचना. फुलक्याएवढ्या पाटीवर असेंबल केलेला छोटा कॉम्प्युटर दिसतो सुबक आणि ताकदीतही मोठ्याच्या तोडीचा असतो. पण त्याच तोडीची लहान पाटी, लहान एसएमपीएस, लहान कॅबिनेट हे सगळे सहसा महाग पडते, आणि जोडणाऱ्याचा हात त्यात सराईत असावा लागतो. तारा कोंबून बसवल्या तर हवा अडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे भाग आणि कारागीर मिळतील. लहान गावात ही हौस जपून करावी.

विजेचे बिल आणि लोडशेडिंग

मोठा कॉम्प्युटर म्हणजे मोठे बिल, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. खोके वीज खात नाही, आतले भाग खातात. एसएमपीएसवर ५०० वॅट लिहिले म्हणजे तो सतत ५०० वॅट ओढतो, असे नव्हे. ती त्याची कुवत झाली.

साध्या कामाला, म्हणजे पत्रे लिहिणे, हिशेब, इंटरनेट, मुलांचे ऑनलाइन वर्ग यांना, डबी साधारण २५ वॅट घेते असे धरा, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला मोठा कॉम्प्युटर साधारण ६० वॅट. रोज सहा तास धरले तर महिन्याला डबीचे साडेचार युनिट होतात आणि मोठ्याचे पावणेअकरा. मॉनिटरची वीज दोन्हीकडे सारखीच. फरक सहा-सव्वासहा युनिटचा. तेवढ्यासाठी जीव टाकायला नको. पण मोठे ग्राफिक्स कार्ड बसवून मुलगा रोज तीन तास खेळ खेळू लागला आणि यंत्र ३५० वॅट घेऊ लागले, तर महिन्याला साडेएकतीस युनिट होतात. तेव्हा बिल वाढवतो तो आकार नव्हे, काम.

दिवे जाण्याच्या बाबतीत मात्र डबी सरस. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. त्यावर डबी आणि मॉनिटर बराच वेळ चालतात. मोठ्या कार्डाचा कॉम्प्युटर मात्र "सेव्ह करून बंद करा" एवढीच सवड देतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण 'यूपीएस मोड'वर आहे ना, ते पाहा. नाही तर वीज बदलण्याच्या त्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि अर्धा लिहिलेला अर्ज जातो.

यादीत आपले नाव

आता मुख्य गोष्ट. कागद-पेन्सिल घ्या आणि घरात कोण कॉम्प्युटरवर काय करणार, त्याची यादी करा. आजची नव्हे, पुढच्या चार वर्षांची.

ही यादी करताना बहुतेक घरांत काय होते, सांगू? पहिले नाव मुलाचे: इंजिनिअरिंगचा अभ्यास (आणि खेळ!). दुसरे यजमानांचे: बँक, शेअर्स, ऑफिसचे काम. मुलीचे नाव असते, पण "तिला काय, थोडंफार" असे. आणि आपले नावच नसते! डब्यांचा हिशेब आपण वहीत ठेवतो, ब्लाउजच्या मापांची वही फाटली तरी तिला चिकटपट्टी लावतो, भिशीची नावे कॅलेंडरच्या मागे लिहितो. का बरे? घरातल्या सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक घ्यायची आणि तिच्या वापरात आपण धरायचे नाही, हा कुठला हिशेब?

माझ्या मावसजावेच्या घरी हेच झाले. मुलाच्या आग्रहाने रंगीत दिव्यांचे मोठे यंत्र आले आणि त्याच्याच खोलीत बसले. ती घरून मसाले विकते. मागण्यांची यादी, बिले, लेबले सगळे तिला मोबाइलवर डोळे ताणून करावे लागे. कारण यंत्र मोकळे नसे आणि असले तरी "आई, तू हात लावू नकोस, सेटिंग बदलेल!" शेवटी मुलगा शिकायला बाहेरगावी गेला. आता ते धूड तिचेच आहे, पण लेबले छापायला त्यातली निम्मीही ताकद लागत नाही. त्याच पैशांत दोघांची कामे झाली असती. पण ठरवताना तिला कोणी विचारले नाही, आणि तिनेही विचारा म्हटले नाही.

म्हणून यादीत आपले नाव घाला आणि त्यापुढे काम लिहा: मराठी टायपिंग, हिशेब, लेबले, शिवणाचे नमुने, भजनाच्या रेकॉर्डिंगची काटछाट, काय असेल ते. कॉम्प्युटर कोणत्या खोलीत राहणार, हेही त्याच कागदावर लिहा. जो सर्वांचा आहे तो सर्वांच्या खोलीत असावा.

मग कोणी काय घ्यावे?

यादी झाली की उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

यादीत लिहिणे-वाचणे, हिशेब, इंटरनेट, वर्ग, बिले एवढेच असेल आणि जागा लहान असेल, डोंबिवली-कल्याणकडच्या दोन खोल्यांसारखी, तर मिनी पीसीची डबी उत्तम. मॉनिटरच्या पाठीमागे साडेसात किंवा दहा सेंटीमीटर अंतरावर चार भोके असतात, तिथे पट्टीने ही डबी अडकवता येते आणि टेबल मोकळे राहते. मात्र मॉनिटरचा स्टँड त्याच भोकांत बसलेला नाही ना, हे आधी पाहावे. रॅम निदान १६ जीबी, आणि ती पुढे वाढवता येणारी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, त्यामुळे "आत्ता आठ घेऊ, पुढे वाढवू" हा जुना हिशेब आता भाव विचारूनच करावा.

यादीत एक तरी जड काम असेल, मुलगी आर्किटेक्चर किंवा अॅनिमेशन शिकणार असेल, लग्नाचे व्हिडिओ जुळवायचा धंदा असेल, मुलगा खेळणारच असेल, तर डबीच्या मोहात पडू नका. तिथे जागा हवी, हवा हवी, आणि दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड घालायची सोय हवी. मोठी कार्डे तीस सेंटीमीटरहूनही लांब असतात. कॅबिनेटमध्ये किती लांबीचे कार्ड मावते, तो आकडा त्याच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेला असतो.

आणि यादी मिश्र असेल, पुढचे काही नक्की सांगता येत नसेल, तर? बहुतेक घरांची गोष्ट हीच असते. माझे मत विचाराल तर मधला मार्ग: मायक्रो-एटीएक्स पाटी आणि मध्यम उंचीचे, जाळीच्या तोंडाचे कॅबिनेट. जागा थोडी अधिक जाईल. पण भाग कुठेही मिळतील, दुरुस्ती गावात होईल, आणि आज ग्राफिक्स कार्ड न घेता पैसे वाचवून पुढे खरी गरज पडली तर तेव्हा घालता येईल. भरउंचीचे एटीएक्स धूड घ्यायची वेळ फार थोड्या घरांवर येते. सात खाचांतल्या सहा रिकाम्या ठेवायला पैसे कशाला द्यायचे?

ऑफिसांतून निघालेले छोटे कॉम्प्युटर दुरुस्त करून स्वस्तात विकतात. तेही वाईट नसतात. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हनपुढचा क्रमांक वाचा. ६५०० म्हणजे सहावी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. आठाच्या आतला असेल तर तो कितीही चकचकीत दिसो, विंडोजसाठी घेऊ नये.

दुकानात जाताना

पर्समध्ये ही चिठ्ठी ठेवा आणि बिनधास्त विचारा. "ताई, ते टेक्निकल असतं," असे कोणी म्हटले तर म्हणावे, "असू दे. पैसे साधेच आहेत ना!"

१. रॅम पाटीला पक्की आहे की बदलता येते? एकूण किती वाढवता येईल?
२. डिस्क एसएसडीच आहे ना? दुसरी बसवायला जागा आहे का?
३. एसएमपीएस ठरावीक मापाचा आहे की याच कंपनीचा? त्यावर '८० प्लस'चे चिन्ह आहे का? काही नामांकित कंपन्यांच्या चपट्या तयार खोक्यांतही त्यांच्याच आकाराचा असतो, हे लक्षात ठेवा.
४. अॅडाप्टर असेल तर त्यावर बी.आय.एस.चे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का?
५. वॉरंटी कोणत्या भागाला किती वर्षे? दुरुस्ती इथेच होणार की पाठवावा लागणार?
६. विंडोज अधिकृत आहे की नुसती घालून दिलेली?
७. किमतीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरले आहेत का? डबीचा भाव ऐकून हरखून जाऊ नका. त्यात हे बहुधा नसते.

पक्के बिल घ्या, आणि असेंबल केलेला असेल तर प्रत्येक भागाचे नाव व क्रमांक त्यावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर

मोठे कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. फरशी पुसताना पाणी उडते, केर आत ओढला जातो, मुंग्या-झुरळांनाही तिथली ऊब आवडते. वीतभर उंच पाट ठेवला तरी पुरे. मागे चार बोटे तरी मोकळी सोडा. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायचा असेल तर त्या कप्प्याची मागची फळी सुताराकडून काढून घ्या.

डबी फ्रिजवर किंवा टीव्हीमागच्या कोंदट जागेत ठेवू नका. आणि एक विनंती: क्रोशाचा रुमाल कितीही सुरेख विणला असला तरी चालू यंत्रावर घालू नका. बंद करून थंड झाल्यावर खुशाल झाका.

दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. हवा मारायची असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाही तर ते भरमसाट फिरून खराब होते. आणि फोटो, हिशेब, मुलांची कागदपत्रे यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर महिन्यातून एकदा घ्यायचीच. मोठ्या खोक्यात दुसरी डिस्क बसते हे खरे, पण विजेचा लोळ आला तर दोन्ही एकदम जातात.

लोणच्याची बरणी केवढी घ्यायची, हे आपण कैऱ्या किती हे पाहून ठरवतो, फळीवर काय शोभून दिसेल यावरून नाही. इथेही तेच. आधी कामे मोजा, त्यात स्वतःचे काम मोजा, मग गावातला कारागीर पाहा, आणि सगळ्यांत शेवटी आकार. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण ती यादी आधी कागदावर उतरू द्या.

पुढच्या अंकात: जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातले काय काढून घ्यावे आणि काय पुसून टाकावे.